तुलनागटातील माणूस
(वैद्यकीय संशोधन आणि नीतिविचार)

आधुनिक विज्ञानाने मानवाचे जीवन सुखी केले, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. त्यात खोटे काही नाही. देवीचा रोग जगातून नाहीसा झाला, प्लेगच्या नुसत्या बातमीने गावे ओस पडत ती आता पडत नाहीत, बाळंतपणात दगावणाऱ्या मातांची संख्या घटली. परंतु हे ज्ञान कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आले, ते कोणाच्या देहावर पारखले गेले आणि पारखताना त्या माणसाला काय सांगितले होते, हे प्रश्न निबंधात सहसा येत नाहीत. औषधाच्या बाटलीवर कंपनीचे नाव असते, शोध लावणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात असते. ज्यांच्यावर ते औषध प्रथम अजमावले गेले, त्यांची नावे कोठेच नसतात.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाच्या वाटेला का जावे, असे माझ्या काही मित्रांनी विचारले. त्याचे उत्तर माझ्या गावात आहे. मी पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा. विंचुदंशावरील उपचारांचे जे संशोधन आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत पोचले आहे, त्याचा मोठा भाग महाड-पोलादपूरच्या या डोंगराळ मुलखातल्या रुग्णांवर झालेला आहे. ते रुग्ण म्हणजे आमची माणसे. पेंढा ओढताना, बांधाचा दगड उचलताना, अंधारात चुलीसाठी लाकूड काढताना ज्यांना नांगी लागली, ती. तेव्हा हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. तो आमच्या पडवीतलाही आहे.

संशोधनातील नीतीचे प्रश्न अनेक आहेत. प्रस्तुत लेखात मी त्यांतील एकच घेणार आहे. प्रयोगात काही लोकांना नवा उपचार मिळतो आणि काहींना मिळत नाही. ज्यांना तो मिळत नाही, त्यांचे आपण काय देणे लागतो?

तुलना कशासाठी?

एखाद्याला ताप आला, त्याने काढा घेतला आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तर काढ्याने गुण आला असे आपण म्हणतो. पण तो ताप तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणारच असेल तर? आपल्याकडे विंचू उतरवणारे मांत्रिक होते व काही ठिकाणी अजूनही आहेत. त्यांच्याविषयी म्हाताऱ्या माणसांची श्रद्धा फार. ती श्रद्धा निव्वळ अडाणीपणातून आली असे मला वाटत नाही. बहुतेक विंचुदंशांत ठणका लागतो, रात्रभर माणूस तळमळतो आणि सकाळी बरा होतो. काळ्या विंचवाच्या दंशाने तर जिवाला सहसा धोका नसतो. म्हणजे मांत्रिकाकडे गेलेल्या दहांपैकी बहुतेक जण बरे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. जे मांत्रिकाकडे गेलेच नाहीत त्यांचे काय झाले, हे मात्र कोणी मोजलेले नसते.

ही मोजणी करणे म्हणजेच तुलना. सारख्या स्थितीतल्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि दोहोंचे काय होते ते पाहायचे. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणतात. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवले तर तो नकळत बरा होण्याजोगा रुग्ण नव्या औषधाकडे वळवील; म्हणून ते चिठ्ठी टाकून ठरवतात. भिशीत जशी चिठ्ठी निघते तशीच ही. भिशीत मात्र आज नाही तर उद्या प्रत्येकाचा नंबर लागतो. येथे ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याचा नंबर लागेलच असे नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. नीतीच्या दृष्टीने तिच्यात एक गाठ आहे. डॉक्टरचे पहिले कर्तव्य समोरच्या रुग्णाशी. संशोधकाचे कर्तव्य पुढे येणाऱ्या हजारो रुग्णांशी. एकच माणूस डॉक्टर व संशोधक दोन्ही असेल, तर समोर तळमळणाऱ्या रुग्णाला चिठ्ठीवर सोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

हाफकिन यांची लस

महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न निदान सव्वाशे वर्षांचा आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. रशियन साम्राज्यात जन्मलेले जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. जे दुसऱ्यास द्यायचे ते आधी स्वतःच्या अंगी लावून पाहावे, हा त्यांचा बाणा आजही वंदनीय वाटतो.

परंतु स्वतःवरील प्रयोगाने लस सोसते एवढेच कळते. रोग टळतो की नाही हे कळत नाही. त्यासाठी तुलना हवी. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीचे तसेच राहिले. अन्न एक, भिंती एक, हवा एक. लस न घेतलेल्यांत रोगी व मृत्यू अधिक निघाले आणि लसीची बाजू बळकट झाली. पुढे त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. परळची हाफकिन संस्था ती हीच.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, कैद्यांवर सक्ती नव्हती. लस घेणारे आपण होऊन पुढे आले होते. दुसरी, ते कैदी होते. बाहेर प्लेग, आत प्लेग आणि दाराला कुलूप, अशा स्थितीत ‘आपण होऊन’ या शब्दाला किती अर्थ उरतो? हाफकिन यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे संमतीही आपोआप शुद्ध होते, असे नाही.

महाडचा विंचू

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू हा काळ्या विंचवासारखा नव्हे. त्याच्या दंशाने रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत छातीत पाणी होऊन तो दगावू शकतो. हे का घडते, हे तेव्हा पुरते स्पष्ट नव्हते. गुंगीची औषधे, ॲट्रोपिन, स्टिरॉइड असे नाना उपचार होत. ते सद्‌हेतूने होत, पुस्तकाच्या आधाराने होत. तरीही गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के मरत.

डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. कोणत्या लक्षणांवरून पुढचा धोका ओळखता येतो, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील नियतकालिकात आला. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्ये पुरासारखी सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि त्या भाराखाली हृदय थकते, हा सगळा क्रम ध्यानी आल्यावर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध उपयोगी पडेल असा तर्क पुढे आला. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी आधीपासून बाजारात होती. ती स्वस्त होती, तोंडाने देता येत होती, तिला मोठे इस्पितळ लागत नव्हते. १९८६ साली तिच्या उपयोगाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर विंचुदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा महाड-पोलादपूरकरांना झालेला आनंद मी काय वर्णावा!

नीतीच्या अभ्यासकाने या कहाणीत पुढील गोष्ट पाहावी. सुरुवातीच्या त्या दिवसांत निम्म्या रुग्णांना प्राझोसिन द्यायचे नाही, असा चिठ्ठीचा प्रयोग केला गेला नाही. तुलना झाली ती आधीच्या वर्षांतील रुग्णांशी. कठोर शास्त्रज्ञ यावर आक्षेप घेईल. तो म्हणेल, मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर पोचू लागले असतील, डॉक्टरांचा अनुभव वाढला असेल. मग सगळे श्रेय गोळीला कसे? आक्षेप रास्त आहे. पण शंभरातले पंचवीस-तीस मरत होते तेथे एखादाच मरू लागला, इतका फरक समोर दिसत असताना केवळ पुराव्याच्या नीटनेटकेपणासाठी कोणाला गोळीविना ठेवणे, हे माझ्या मते डॉक्टरी धर्माला सोडून झाले असते. मेलेल्यांशी तुलना करता येत असेल, तर तीच करण्यासाठी जिवंत माणसाला मागे ठेवू नये.

प्रामाणिक शंका

मग तुलनागट कधीच नको काय? तसे मुळीच नाही, आणि याचेही उदाहरण महाडचेच आहे.

लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने तयार केले. ते द्यावे की नाही, यावर कोकणातल्या डॉक्टरांतही एकमत नव्हते. तिकडे ट्युनिशियात आठशेहून अधिक विंचुदंशाच्या रुग्णांवर चाचणी होऊन, सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा दिसत नाही, असा निष्कर्ष १९९९ साली निघाला होता. पण तेथील विंचू वेगळा, विष वेगळे, प्रतिविषही वेगळे. आपल्या लाल विंचवाचे काय? हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशी अनिश्चितता खरोखर असेल, जाणकारांचे मनही दोन्हीकडे सारखे झुकत असेल, तरच चिठ्ठी टाकणे न्याय्य ठरते. कारण तेव्हा कोणत्या गटात जाणे भाग्याचे, हे डॉक्टरलाही माहीत नसते. याला मी प्रामाणिक शंका म्हणतो.

डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर ही चाचणी केली व ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ जणांना प्राझोसिन अधिक प्रतिविष दिले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन. पहिल्या गटातील ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. दुसऱ्या गटातील ८. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात सुमारे १८ तास.

रुग्ण थोडे होते, रुग्णालय एकच होते, कोणाला काय दिले हे उभयतांना माहीत होते. या मर्यादा आहेतच. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की तुलनागटातील ३५ जणांपैकी एकालाही रिकाम्या हाताने ठेवले नव्हते. तोवर सिद्ध झालेला सर्वांत चांगला उपचार, म्हणजे प्राझोसिन, प्रत्येकाला मिळाला. प्रश्न होता तो त्यावर आणखी काही दिल्याने लाभ होतो का, एवढाच. १९६४ सालच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या पुढील आवृत्त्यांनी जे तत्त्व मांडले, की नव्या उपचाराची तुलना ज्ञात असलेल्या सर्वोत्तम उपचाराशी करावी, ते येथे सावित्रीच्या काठी पाळले गेलेले दिसते.

‘तिथे तसेही काही मिळत नव्हते’

आता एक अवघड उदाहरण. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्या देशातील स्त्रियांचा मोठा शत्रू. तो वेळीच ओळखला तर टाळता येतो, हे पाश्चात्त्य देशांत अनेक दशकांपासून माहीत आहे. तेथे स्त्रियांची नियमित तपासणी होते व मृत्यू घटले आहेत. आपल्या खेड्यांत ती पद्धत चालेल का, की दुसरी स्वस्त पद्धत हवी, हे शोधण्यासाठी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथा तुलनागट, त्यात तपासणी नाही, नेहमीची व्यवस्था तेवढी.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने मरण पावल्या. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष जगभर मोलाचा ठरला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून अशीच दुसरी चाचणी केली. त्यात सौम्य व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी होती आणि ती थोडक्या दिवसांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका करीत. सुमारे दीड लाख स्त्रिया, त्यांतील निम्म्या तुलनागटात. या निम्म्यांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी, असा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला. आपल्या तालुक्यातल्या किती घरांतली माणसे मुंबईत पोटासाठी राहतात, हे मी सांगायला नको. त्या वस्त्या आपल्याला परक्या नाहीत.

पुढे या चाचण्यांवर टीका झाली. तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत असताना तपासणी नसलेला गट ठेवणेच गैर, असे टीकाकारांचे म्हणणे. मुंबईच्या चाचणीस अमेरिकी सरकारचे साहाय्य असल्याने तेथील संबंधित कार्यालयाकडे तक्रार गेली, आणि संमती घेताना स्त्रियांना दिलेली माहिती पुरेशी नव्हती असे त्या कार्यालयाने म्हटले. मुंबईहूनच निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात यावर दोन्ही बाजूंनी चर्चा झाली.

संशोधकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, पाश्चात्त्य तपासणीस प्रयोगशाळा, तज्ज्ञ व पैसा लागतो. तो येथे नव्हता. नवी पद्धत येथे चालेल की नाही याविषयी खरोखर शंका होती. तुलनागटातील स्त्रियांकडून आम्ही काही काढून घेतले नाही. त्यांना तपासणी आधीही मिळत नव्हती. या युक्तिवादाचा पहिला भाग मला पटतो. पद्धत न पारखता देशभर राबवणे हाही गरीब स्त्रियांवरचाच एक प्रयोग झाला असता, तोही मोजणीशिवायचा.

शेवटच्या वाक्यापाशी मात्र मी अडखळतो. ‘तिथे तसेही काही मिळत नव्हते.’ हे वाक्य मी कापड्यात उभा राहून वाचतो. घाटाच्या पायथ्याच्या आमच्या वाड्यांवर काय काय मिळत नाही, त्याची यादी केली तर ती लांबेल. जे मिळत नाही ते न देण्यात काही गैर नाही असे एकदा मान्य केले, की गाव जितके आडबाजूचे आणि जितके गरीब तितके ते प्रयोगाला सोयीचे ठरते. दारिद्र्य हे मग दूर करण्याचे दुःख न राहता संशोधनाची सोय बनते. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या गरीब कृष्णवर्णीय माणसांना उपचाराविना नुसते पाहत राहिले, तेव्हाही अशाच धर्तीचे समर्थन केले गेले होते. आपल्याकडील चाचण्या टस्कीगीच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. येथे कोणाला फसवून औषधापासून दूर ठेवले नव्हते, आणि हेतू स्त्रियांचे प्राण वाचवण्याचाच होता. तरी निसरडी वाट कोठून सुरू होते, हे ओळखून ठेवणे बरे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातही ३९ गावांत नवी सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी अशी रचना होती. बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे १९९९ साली सिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा सेविकांमार्फत ही सेवा देशभर नेण्याचे ठरवले. येथे एक तिसरा निकष हाती लागतो. प्रयोगाचे फळ अखेर कोणाच्या दारी गेले? व्हिनेगरच्या तपासणीचाही २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश झाला खरा. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधी तरी ही तपासणी झालेल्या जेमतेम दोन टक्के निघाल्या. ज्या स्त्रियांच्या मृत्यूंची मोजदाद करून हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ते अजून पोचायचे आहे. हा दोष केवळ संशोधकांचा नव्हे. तो आपणा सर्वांचा आहे.

संमती म्हणजे सही नव्हे

१९४७ सालच्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरवली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली याविषयी आपले धोरण मांडले, २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली, २००६ व २०१७ मध्ये ती सुधारली. कागदावर उणे फारसे नाही. पण समोर येणारा माणूस कसा येतो ते पाहा. रात्री विंचू चावलेला गडी चार माणसांनी उचलून आणला आहे. अंग घामाने निथळते आहे, बायको दारात रडते आहे. त्याच्यापुढे चार पानी अर्ज ठेवला तर तो वाचणार आहे काय? ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच आमचे देव, काय ते करा,’ असे म्हणून तो अंगठा उठवील. ही श्रद्धा झाली. तिला संमती म्हणता येणार नाही.

मला वाटते, त्याच्या बोलीत त्याला तीन वाक्ये सांगता येतील. ‘बाबा रे, जे औषध नक्की लागू पडते ते तुला देतोच आहोत. दुसरे एक आहे, त्याने लवकर आराम पडतो का ते आम्हालाही ठाऊक नाही, म्हणून चिठ्ठी टाकून काहींना देतो. तू नको म्हणालास तरी तुझ्या औषधपाण्यात काही कमी होणार नाही.’ ही तीन वाक्ये खरी असतील तरच ती सांगता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. पहिले वाक्य खरे नसेल तर तुलनागट अन्यायाचा आहे; दुसरे खरे नसेल तर चिठ्ठीच नको; आणि तिसरे खरे नसेल तर ती संमती नसून सक्ती आहे. चाचणीच्या योग्यतेची परीक्षा अशी साध्या मराठीत घेता येते.

उस्मानाबादेत मात्र चिठ्ठी माणसांची नव्हती, गावांच्या समूहांची होती. गावच तुलनागटात गेले, की तेथील बाईने काय निवडायचे? अशा वेळी निदान तिला एवढे तरी स्पष्ट सांगितले पाहिजे, की शेजारच्या गावात तपासणी चालू आहे, तुमच्याकडे नाही, आणि तुम्हाला हवी असल्यास ती अमुक ठिकाणी मिळेल.

आपली खुर्ची

शेवटी, कला शाखेच्या मित्रांसाठी. नवी औषधे आणि चिकित्सा चाचण्या यांविषयीचे केंद्र सरकारचे नियम २०१९ साली आले. चाचणीमुळे इजा झालेल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. निरक्षर माणसाची संमती घेताना निःपक्षपाती साक्षीदार हवा, असेही त्यांत आहे. आणि प्रत्येक चाचणी ज्या नीतिसमितीपुढे जाते, तिच्यात निदान सात सदस्य असावेत, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत, एक स्त्री असावी, एक कायदा जाणणारा असावा, एक समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र अशा क्षेत्रांतला किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी असावा आणि एक सामान्य नागरिक असावा, असे बंधन आहे.

म्हणजे तत्त्वज्ञानाच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकाची एक खुर्ची तेथे कायद्यानेच राखून ठेवली आहे. आपल्यापैकी कोणी उद्या तेथे बसेल. त्याला रसायनाची सूत्रे कळली नाहीत तरी चालेल. त्याने तीन प्रश्न विचारावेत. तुलनागटातील माणसाला ज्ञात असलेला सर्वांत चांगला उपचार मिळतो आहे काय? आपण तुलनागटात आहोत हे त्याला त्याच्या भाषेत कळले आहे काय? आणि चाचणी यशस्वी झाली, तर तिचे फळ पहिल्यांदा त्याच्या दारी जाईल काय?

ज्या महाडात १९२७ साली सार्वजनिक तळ्याच्या पाण्यावर सर्व माणसांचा सारखा हक्क सांगितला गेला, त्या महाडच्या परिसरात आपण शिकतो. ज्ञान हेही एक सार्वजनिक तळे आहे. ते भरण्यासाठी ज्यांनी आपल्या देहाची ओंजळ रिती केली, त्यांना काठावर तहानलेले ठेवणे आपल्याला शोभणार नाही.